पार्ल्यातली उघड्या टपाची गाडी: एका पावसाळ्याचं प्रकरण

गाडी युरोपीय बनावटीची, पेट्रोलवर चालणारी, दोन दारांची, चार आसनांची. टप कापडी आणि बटणावर उघडणारा. वय नऊ वर्षं, धाव 46,000 किलोमीटर, नोंदणी एमएच-02 म्हणजे अंधेरी आरटीओची. घेणारं कुटुंब विलेपार्ले पूर्वेचं: नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि सत्तरीतले बाबा. रोजच्या वापराला घरात एक हॅचबॅक आहेच. ही दुसरी, हौसेची. व्यवहार जानेवारीत झाला. फेब्रुवारी ते मे मजेत गेले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन आठवडे उभी असलेली गाडी काढायला गेल्यावर तीन गोष्टी एकदम समोर आल्या: आत कुबट वास आणि काचांवर आतून दव, डाव्या मागच्या पायापाशी पायमोजा भिजेल इतकं पाणी, आणि बटण दाबल्यावर टप जागचा हलेना.

जवळच्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत निदान झालं. “शेठ, टपाचं कापडच गेलंय. पूर्ण टप बदलावा लागेल.” अंदाजपत्रक गाडीच्या खरेदीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढं. कापड आयात करायचं, दीड-दोन महिने थांबायचं, तोवर गाडीवर ताडपत्री.

कापडाला काहीही झालेलं नव्हतं. नवा टप बसवला असता तरी पुढच्या मोठ्या सरीत पाणी तिथेच साचलं असतं.

पाणी आलं कुठून

अशा टपाचं कापड तीन थरांचं असतं. बाहेर विणलेलं अ‍ॅक्रिलिक, मधे रबराचा पातळ थर, आत अस्तर. पाणी अडवायचं काम मधल्या रबराचं. बाहेरचं कापड ओलं होऊन गडद दिसलं म्हणजे टप गळतो असं नाही. टप खरोखर गळत असेल तर डाग वरून, अस्तरावर दिसतो. बहुधा दाराच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, समोरच्या काचेच्या चौकटीपाशी, किंवा मागची काच कापडाला चिकटवलेली असते त्या कडेला. इथे अस्तर सगळीकडे कोरडं, डाग एकही नाही आणि जमीन मात्र भिजलेली. एवढ्यावरच गॅरेजवाल्याला थांबवायला हवं होतं.

टपावरून मागे ओघळणारं पाणी थेट रस्त्यावर पडत नाही. मागच्या सीटच्या पाठीमागे, टप दुमडून बसतो त्या खणाच्या कडेने एक पन्हळ असते. पाणी तिच्यात उतरतं, दोन्ही टोकांच्या भोकांतून रबरी नळ्यांत जातं आणि मागच्या चाकांजवळ खाली पडतं. नळी तुंबली की पन्हळ भरते, आणि भरली की पाणी आतल्या बाजूने सांडतं: मागच्या सीटखाली, पायापाशी, डिकीच्या बाजूच्या कप्प्यात. टप चालवणारा हायड्रॉलिक पंप आणि त्याचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत नेमकं तिथेच असतं. ही जागा कोणी निवडली त्याने मुंबईचा जुलै पाहिलेला नसावा. (पॅनोरॅमिक सनरूफलाही कोपऱ्यांत अशाच नळ्या असतात आणि त्याही अशाच तुंबतात. सनरूफवाल्यांनी पुढचं वाचायला हरकत नाही.)

चाचणी साधी आहे. टप अर्धा उघडून पन्हळीपर्यंत हात पोचेल अशा स्थितीत ठेवायचा. इथे बॅटरी मेली होती, म्हणून आधी ती चार्ज करून घ्यावी लागली. मग एका कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी सावकाश ओतायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली बघायचं. चांगली नळी काही सेकंदांत धार सोडते. उजव्या बाजूने धार आली, बारीक पण आली. डाव्या बाजूला पाणी पन्हळीत तसंच उभं राहिलं.

गाडी उभी असते ती जागा सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, पर्जन्यवृक्षाखाली. या झाडाची पानगळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. बारीक पानं आधी टपाच्या खणावरच्या मागच्या झाकणावर साचतात. टप उघडायचं बटण दाबलं की तेच झाकण वर उठतं आणि त्यावरचा पाला आतल्या बाजूला घसरतो. म्हणजे उन्हाळ्यात टप जितक्या वेळा हौसेने उघडला, तितक्या वेळा थोडा थोडा पाला पन्हळीत गेला. त्यात मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची धूळ, वर कबुतरांची पिसं. पहिल्या पावसाने या सगळ्याचा लगदा केला आणि तो नळीच्या तोंडाशी बसला. बाहेर काढला तेव्हा अंगठ्याएवढा काळा बोळा होता, आत दोन पिसं आणि एक काटकी अडकलेली.

नळी साफ करताना लोक हमखास एक चूक करतात: कॉम्प्रेसरची हवा मारतात. दाबाने नळी आतल्या जोडातून निसटते आणि मग पाणी बाहेर न जाता थेट गाडीच्या पोकळीत पडतं. पाला दिसत नाही, धार येत नाही, आणि जोड पाहायला अर्धी गाडी उघडावी लागते. तारही नको, रबर फाटतं. गवत कापायच्या यंत्रात वापरतात ती 2 ते 3 मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी घ्यावी, टोक लायटरने गोल करावं, फिरवत हळूहळू आत सारावं आणि मागून कोमट पाणी सोडावं. पाणी स्वच्छ येईपर्यंत करावं. खालच्या टोकाला रबरी टोपी असेल तर तीही चिमटीत धरून मोकळी करावी. चिखल तिथेही बसतो.

ओल काढणं हे खरं काम

नळी मोकळी व्हायला अर्धा तास लागला. बाकी आठवडा गेला तो ओलीत.

कार्पेट वरून पुसलं की कोरडं दिसतं. त्याच्याखाली दोन-चार सेंटिमीटरचा फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो. जुन्या वर्तमानपत्राची घडी कार्पेटवर ठेवून टाचेने दाबली आणि कागद भिजला, तर सीट काढायला पर्याय नाही. सीट काढण्याआधी बॅटरीची ऋण बाजू सोडवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. सीटमध्ये एअरबॅग असते, तिची पिवळी पिन चालू वीज असताना काढली तर निदान डॅशबोर्डवर दिवा तरी लागतोच, आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. मग चार बोल्ट, पिना, सीट बाहेर. फोम उचलून ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी खेचलं तर बादलीचा बराच भाग भरला. जुलैत ऊन नसतं. फोम बाल्कनीत टांगला असता तर बुरशीच वाढली असती. एसीच्या खोलीत, पंख्याखाली, उभा करून ठेवल्यावर चौथ्या दिवशी तो हाताला कोरडा लागला. तोवर गाडीच्या उघड्या पत्र्यावर गंज आहे का पाहिलं, पुसून गंजरोधक लावलं.

डिकीतल्या कंट्रोल युनिटच्या पिनांवर हिरवट थर आला होता. हा थर म्हणजे तांब्याचा गंज. तो पाण्याने येतो आणि खाऱ्या हवेत भराभर वाढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, पूर्ण वाळवणं, पुन्हा जोडणं. युनिट वाचलं. पिन मुळापासून खाल्ली गेली असती तर युनिट नवं, आणि ते गाडीच्या संगणकाला जोडून घ्यायला अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जावं लागलं असतं.

टप न उघडण्याचं कारण बॅटरी. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इथे 11.8 होते. ओल्या युनिटमुळे गाडी नीट झोपत नव्हती, थोडी थोडी वीज सतत खात होती. टपाचा पंप सुरू होताना मोठा प्रवाह ओढतो, व्होल्टेज अजून पडतं आणि गाडी स्वतःहून काम थांबवते. म्हणून टप नेहमी इंजिन चालू ठेवूनच उघडावा. आणखी एक फुकटचं कारण आधी तपासावं: डिकीतला पडदा किंवा फळी खाली नसेल, तर टप उघडतच नाही. सामान टपाखाली चिरडू नये म्हणून तिथे स्विच असतो. टप चालत नाही म्हणून टो करून आणलेल्या गाडीत नुसता हा पडदा वर राहिलेला निघतो, असं होतं.

बॅटरी जोडल्यावर काचा नव्याने शिकवाव्या लागतात. या गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच थोडी खाली येते, लावल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी मेलेली असताना दार आपटलं तर काच रबराला घासते, आणि एकदा रबराची धार मुडपली की मग खरी गळती सुरू होते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं, ही बहुतेक गाड्यांची पद्धत आहे. नेमकी कृती गाडीच्या पुस्तकात असते.

एकूण खर्च आधीच्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या भागातही बसला. विम्यातून काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं: तुंबलेली नळी ही देखभालीतली कसूर धरली जाते. टपाचं कापड कोणत्या घसाऱ्यात धरणार, हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारून ठेवावं. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर नेहमीच्या पॉलिसीत 50 टक्के घसारा कापतात, आणि नऊ वर्षांच्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारं कवच, सहसा मिळत नाही.

खरेदीच्या दिवशी काय पाहायला हवं होतं

जानेवारीत गाडी पाहताना इंजिन, टायर, कागद, सगळं पाहिलं. टप एकदा उघडून मिटला आणि सगळे खूश झाले. एकदा पुरत नाही. इंजिन चालू ठेवून लागोपाठ तीनदा उघड-मीट करावी. पंपाचा आवाज तिसऱ्या वेळी बदलला, किंवा टप मधेच अडखळला, तर हायड्रॉलिक तेल कमी असू शकतं. समोरच्या चौकटीच्या वर अस्तरावर तेलाचा डाग असेल तर सिलिंडर पाझरतोय. त्यात ब्रेक ऑइल घालणारे मेकॅनिकही भेटतात. तेल वेगळं असतं आणि चुकीच्या तेलाने सील फुगतात. टप अर्धा मिटलेला असताना सांगाड्याच्या सांध्यांवर कापड घासून पातळ झालंय का ते बोटाने पाहावं. मागच्या काचेची चिकट कड नखाने हलकी उचलून पाहावी. मग साध्या पाइपने, जोर न लावता, दहा मिनिटं पाणी सोडावं. प्रेशर वॉशर नको. आणि मागच्या कार्पेटवर कागद दाबून पाहावा.

हाताने टप मिटायची आपत्कालीन पद्धत विकणाऱ्याकडून समोर करून घ्यावी. बहुतेक गाड्यांत पंपाचा व्हॉल्व्ह किल्लीने सैल करतात आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी टप सारखा ओढून समोर अडकवतात. एकट्याने ओढला तर सांगाडा वाकडा होतो. जूनच्या पहिल्या सरीत, हाजीअलीला, मागे हॉर्न वाजत असताना हे शिकायची वेळ येऊ नये.

दिल्ली-बंगळूरची गाडी स्वस्त दिसते. तिच्यावर एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च चढतो, आणि थेट आयात केलेल्या गाड्यांना इथे कराचा दर जास्त आहे. एमएच नंबरची गाडी घेतली, हे या कुटुंबाने बरोबर केलं.

मुंबईत ती उघडायची केव्हा

पावसाळा सर्वसाधारणपणे 11 जूनच्या सुमारास येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो. चार महिने टप बंद. त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन. मार्च ते मे दिवसा टप उघडा ठेवणं हा हौसेपेक्षा हट्टाचा भाग होतो: काळं अस्तर, तापलेली सीट, डोक्यावर ऊन. खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, तोही पहाटे ते सकाळी आठ आणि रात्री दहानंतर. त्यातही हिवाळ्यात शहराची हवा सर्वांत वाईट असते, ही मोठी खोच आहे. थंड, स्थिर हवेत धूळ आणि धूर खालीच राहतो. धुरकं दिसत असेल त्या दिवशी बाबांना आणि मुलीला उघड्या गाडीत नेऊ नये, एवढं तरी पाळावं.

पण त्या वेळांत जे मिळतं ते दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळत नाही. रविवारी सकाळी सहाला पार्ल्याहून निघून वांद्रे-वरळी सी लिंक, पुढे कोस्टल रोड, मरीन ड्राइव्हला वळसा आणि आठच्या आत घरी. सी लिंकच्या केबल थेट डोक्यावरून जातात, हाजीअलीपाशी ओहोटीचा वास येतो. ताशी 80 च्या मर्यादेत वारा त्रास देत नाही, बोलणं ऐकू येतं. त्यामुळे मागच्या सीटवर लावायची वारा अडवणारी जाळी, जी लावली की मागे कोणी बसू शकत नाही, ती घ्यायची गरजच नाही. प्रियदर्शनी पार्क ते गिरगाव चौपाटी हा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा मात्र टप मिटूनच पार करावा. आवाज भिंतींवरून परत येतो आणि धूर अंगावर. बऱ्याच गाड्यांत टप ताशी 30 ते 50 किलोमीटरपर्यंत चालतो; तरीही ऐनवेळी न करता बोगद्याच्या बराच आधी मिटलेला बरा. अटल सेतूवर चारचाकीला 100 ची मर्यादा आहे. तिथे उघड्या टपाने वारा मानेवर आदळतो आणि टोपी खाडीत जाते.

गल्लीत आणि दाटीत उघडा टप धोक्याचाच. उड्डाणपुलाच्या सांध्यांतून पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास काळं पाणी ठिबकतं. बसच्या खिडकीतून पिचकारी येते. डंपरच्या मागे उभं राहिलं की रेती. टप मिटवला तरी तो कापडच असतो. ब्लेड चालवायला एक क्षण पुरतो, म्हणून गाडीत दिसेल असं काही ठेवू नये.

बाबांची तक्रार वेगळी, आणि रास्त. दारं लांब आणि सीट खाली. सोसायटीतल्या दोन गाड्यांच्या फटीत दार अर्धंच उघडतं आणि त्यातून वाकून बसणं गुडघ्यांना झेपत नाही. मागची सीट नावापुरती. टप आत गेला की डिकीत दोन पिशव्या मावतात, आठवड्याची भाजी नाही. टप नसल्याने गाडीचा ताठपणा टिकवायला खाली जादा पट्ट्या आणि जाड उंबरे असतात, त्यामुळे वजन वाढतं. तरी खड्ड्यात समोरची काच आणि डॅशबोर्ड किंचित थरथरतात. तो बिघाड नाही, घडणच तशी. पोट खाली असल्याने गतिरोधक तिरकं चढावे लागतात. मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता या पाणी तुंबणाऱ्या जागांच्या वाटेला पावसात जाऊच नये.

लग्नाच्या वरातीत मागच्या पाठीवर बसून हात हलवायला गाडी मागणारे नातेवाईक निघतातच. मागच्या प्रवाशालाही सीटबेल्ट सक्तीचा आहे, दंड 1,000 रुपये. आणि ब्रेक लागला तर दंड ही सगळ्यात छोटी गोष्ट ठरेल.

पार्किंग, म्हणजे मूळ मुद्दा

या प्रकरणात गाडी चांगली होती, पाऊस नेहमीचाच होता. चुकली ती जागा. झाडाखालची जागा बदलली नाही तर पुढच्या मार्चमध्ये पन्हळ पुन्हा भरणार. सोसायटीत स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधे, सहा जागा आहेत. त्या बिल्डरने विकायच्या नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं, वाटप सोसायटीचं. जागांपेक्षा गाड्या जास्त असल्या तर चिठ्ठ्या टाकतात. पहिल्या मजल्यावरच्या काकांची छोटी गाडी स्टिल्टखाली आहे आणि ती वर्षभर फारशी हलत नाही. कमिटीच्या लेखी मंजुरीने जून ते ऑक्टोबर अदलाबदल, असा प्रस्ताव दिला आहे. पानगळ धरून फेब्रुवारीपासून मागायला हवी होती, पण सुरुवातीला एवढं मान्य झालं तरी पुष्कळ. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) सुचवलं गेलं, ते नाकारलं: खालच्या खणात वरच्या गाडीचं तेल कापडावर पडलं तर तो डाग जन्मभर राहतो.

प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं. आतली वाफ अडकून कापडावर हिरवट बुरशी धरायला लागली होती. श्वास घेणारं कव्हर आणलं, तेही कोरड्या टपावरच घालायचं. पहाटे गाडी धुणाऱ्याला बजावलं की टपाला हात लावायचा नाही. त्याच बादलीतल्या मातकट फडक्याने रोज घासलं तर वीण रेतीने भरते, आणि तो ओला टप सकाळी कोणी उघडून दुमडला तर घडीत बुरशी बसते. टप महिन्यातून एकदा मऊ ब्रशने, सौम्य साबणाने, विणीच्या दिशेने धुवायचा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, अजून दोन कोरडे दिवस हातात असताना, पाणीरोधक फवारा दोन हात मारायचा. काचा आणि रंग आधी झाकून, सावलीत. रबरांना सिलिकॉनचं वंगण, व्हॅसलीन नाही. पन्हळ फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी हाताने वेचायची, टप उघडण्यापूर्वी मागचं झाकण फडक्याने झाडायचं, पावसाळ्यात दर महिन्याला अर्धा लिटर पाण्याची चाचणी. गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास चालवायची, कारण कंपाउंडमध्ये चार्जर लावायला प्लग नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर कार्पेटखाली कागद पुन्हा दाबला, कोरडा निघाला. बायकोचं मत गाडी ठेवायची, बाबांचं विकायची. ठरलं ते असं: डिसेंबरच्या सभेत स्टिल्टची जागा मिळाली तर गाडी राहील. नाही मिळाली तर जानेवारीत, टप उघडून दाखवता येईल अशा थंडीत, विकायला काढायची. गळतीचं बिल आणि युनिटच्या साफसफाईचे फोटो फाइलमध्ये ठेवले आहेत. घेणाऱ्याने विचारलं नाही तरी ते दाखवायचे, आणि त्याच्याकडे गाडी कुठे उभी राहणार हे विचारायचं.